निरोपाची शेपटी

लग्न होऊन घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने गॅसवर दूध ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. दूध उतू गेलं, ओट्यावरून ओघळून फरशीवर आलं, जळका वास घरभर झाला, तरी ही खिडकीशीच. सासूबाईंनी येऊन गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी उभ्या राहून बाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर एक चादर वाळत होती आणि संथपणे हलत होती. बाकी काही नव्हतं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या, "तंद्रीबाई आल्या म्हणायच्या आमच्याकडे."

नवऱ्याने हे नाव आपल्या चष्म्याच्या दुकानात गंमत म्हणून सांगितलं. दुकानात नदी कार्यालयातले दोघे-तिघे नंबर काढायला यायचे. त्यांच्याबरोबर ते तिच्या नोकरीच्या जागी पोचलं आणि तिथे कायमचं मुक्कामाला राहिलं. तिला राग आला नाही. उलट कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायला तिला जरा वेळच लागायचा.

नदी कार्यालय पुलाच्या अलीकडे, काठावरच होतं. दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर एक लांब खोली आणि खोलीच्या टोकाला तिचं टेबल. नदीवर वरपासून खालपर्यंत ठिकठिकाणी पाण्याची पातळी मोजणारी ठाणी होती. प्रत्येक ठाण्यातला संगणक ठरल्या वेळी रेडिओवरून एक आकडा पाठवायचा आणि तो तिच्या पडद्यावर उमटायचा. आकडा शहाण्यासारखा आहे की वेड्यासारखा, हे तिने बघायचं. पाणी चढायला लागलं तर सखल वस्तीला वेळेआधी कळवायचं. तंद्री लागणाऱ्या माणसाला हे काम कसं दिलं, असं नवीन माणसांना वाटे. पण गाढ झोपलेल्या आईला मूल नुसतं कुशीवर वळलं तरी कळतं, तशी ती होती. पडद्याकडे पाहत ती कुठल्या कुठे गेलेली असायची आणि एखादा आकडा जरासा चुकीचा आला की मान आपोआप वर व्हायची.

सगळ्यात वरचं ठाणं धरणावरचं. तिथला माणूस इतकी वर्षं तिथे होता की त्याचं आडनाव काय हे सगळे विसरले होते. त्याला म्हणायचे धरणकर. रोज सकाळी त्याचा फोन यायचा, कारण धरणाची पातळी रेडिओवर आली तरी तोंडी पडताळून घ्यायची असा नियम होता. तो आकडा सांगायचा, ती परत म्हणायची, तो "बरोबर" म्हणून फोन ठेवायचा. इतक्या वर्षांत या पलीकडे एक शब्द नाही. आवाजावरून तिने मनातल्या मनात त्याला उंच, हडकुळा आणि मिशीवाला करून ठेवलं होतं.

घरी रविवारची दुपार शब्दकोड्याची असायची. सासूबाई तरुणपणी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. एक वेलांटी चुकली तरी त्यांना ती ताटातल्या खड्यासारखी लागायची. आता त्यांची नजर अधू झाली होती, आणि मुलाचं चष्म्याचं दुकान असून आपल्या नाकावर चालेल असा एक चष्मा नाही, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. म्हणून सूनबाईंनी सूत्रं मोठ्याने वाचायची आणि सासूबाईंनी डोळे मिटून उत्तरं द्यायची. पुरवणीतल्या त्या कोड्याखाली रचणाऱ्याचं नाव नसायचं, एक छोटंसं कासव काढलेलं असायचं. त्यामुळे या घरात त्या अनोळखी माणसाला कासव म्हणत. "आज कासवाने बरं छळलंय," असं सासूबाई म्हणाल्या की समजायचं, त्या खुशीत आहेत.

मग ठाण्यांवरचे जुने संगणक बदलून नवे आले. नव्यांबरोबर नवी प्रणालीही आली, आणि अधूनमधून आकडे तुटके येऊ लागले. मुख्य कार्यालयाने कळवलं की आकडा विचित्र दिसला तर "कच्चा निरोप" नावाची खिडकी उघडून बघा. त्या खिडकीत, रेडिओवरून जे जे आलं ते न निवडता, न पाखडता दिसायचं. आधी ठाण्याचं नाव, मग आकडा, आणि त्यानंतर उरलेली जागा. उरलेल्या जागेत शून्यांची रांग असायला हवी होती. इतर ठाण्यांच्या निरोपांत बहुतेकदा अगम्य खुणा होत्या. धरणाच्या निरोपात अक्षरं होती.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, पडद्याची धूळ. पुसून पाहिलं. अक्षरं तिथेच होती. दहा-बाराच, मागेपुढे कापलेली, एखाद्या झोपलेल्या माणसाने बरळावं तशी: "उलटा केला तरी". पुढच्या निरोपात नुसते चौकोन. त्यानंतरच्यात "पाहतच राह".

तिने ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? पण त्या दिवसापासून आकडा आला की तिची नजर आधी शेपटीकडे, म्हणजे मागच्या त्या उरलेल्या जागेकडे जाऊ लागली. बाहेर नदीवर धुकं उतरलेलं असायचं, पूल अर्धाच दिसायचा, खोलीत पंख्याचा एकसुरी आवाज, आणि पडद्यावर कुठून तरी वाहत येऊन काठाला लागलेली अक्षरं. "कडेला बसून". "तीन अक्षरं". "नरम होणार ना". ती एकमेकांना चिकटायची नाहीत. ती त्यांना मनातल्या मनात चिकटवून बघायची, आणि घरी जाताना बस आपला थांबा सोडून पुढे गेली तरी तिला कळायचं नाही.

रविवारी ती सासूबाईंना सूत्रं वाचून दाखवत होती. "आडवे, सात," ती म्हणाली. "उलटा केला तरी पाहतच राहतो. तीन अक्षरं."

आणि ती त्याच ओळीवर थांबली.

"नयन," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पुढचं वाच. काय झालं?"

झालं एवढंच होतं की वर्षानुवर्षं फक्त "बरोबर" म्हणून फोन ठेवणारा धरणावरचा माणूस म्हणजेच कासव, हे तिला कळलं होतं.

तिने ते पोटात ठेवलं. गंमत म्हणून ठेवलं, आणि मग गमतीचं सुख झालं. आठवडाभर शेपट्यांतून सूत्रं झिरपत यायची, कधी उत्तरंही. "उलटं करा नाहीतर सुलटं, नरम होणार नाही" हे तिने पुरवणी यायच्या आधीच सोडवलं होतं. कडक. रविवारी ती सासूबाईंच्याही आधी उत्तर देऊ लागली. सासूबाईंनी एक डोळा उघडून विचारलं की तू पुरवणी आधी कुठे बघतेस की काय. ती नाही म्हणाली. ते खरं होतं आणि पुरतं खरंही नव्हतं.

एका रविवारी सूत्र होतं, "बंद दारातून बाहेर पडतो. तीन अक्षरं." सासूबाई म्हणाल्या, आवाज. ती म्हणाली, सुवास. तिने ते उत्तर शेपटीत वाचलेलं होतं. उभा शब्द मधल्या "वा"वरून जात होता, आणि "वा" दोन्हींत होता. चांगलीच जुंपली. पुढच्या पुरवणीत सुवास छापून आलं तेव्हा सासूबाईंचा संताप बघण्यासारखा होता. दोन उत्तरं बसतात ते कोडं नसतं, निष्काळजीपणा असतो, छापखान्यात असल्या माणसाला उभं केलं नसतं, असं त्या संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या. दुकानातून आलेल्या मुलालाही त्यांनी बसवून ते सगळं समजावून सांगितलं.

त्यानंतरच्या आठवड्यात, दुपारच्या एका निरोपात, ती गोष्ट आली.

आकडा ठीक होता. शेपटीत कोड्याची अक्षरं नव्हती. "दरवाजे" एवढं स्पष्ट होतं, आणि त्याच्या पुढे अक्षरं आणि अंक यांचा एक अर्थ नसलेला गठ्ठा. तंद्रीत असती तर तिने तोही कशाला तरी जोडला असता. पण मान आपोआप वर झाली. धरणाचे दरवाजे उघडायची प्रणाली धरणकरांच्या त्याच संगणकावर होती, हे तिला माहीत होतं. त्या प्रणालीत शिरताना परवलीचा शब्द टाकावा लागतो, हेही. आणि तो शब्द आत्ता उघड्या रेडिओवरून तिच्यापर्यंत आला होता. म्हणजे वाटेत कुणाकडेही साधा रेडिओ आणि थोडी अक्कल असेल, तर त्याच्यापर्यंतही.

खिडकीखाली नदी होती तशीच वाहत होती. काठावर कुणी सायकल धूत होतं. खालच्या वळणावर शाळेचं पटांगण होतं, पाण्यापेक्षा जेमतेम उंच. पडद्यावरची ती खिडकी नुसती बंद केली असती तर पुढचा निरोप आला असता, पुन्हा कोडी आली असती, आणि हे सगळं तिच्या एकटीचं राहिलं असतं. असा विचार तिच्या मनात आला, हे तिने नंतर लपवलं नाही. मग तिने फोन उचलला. धरणावर दुपारी फोन करायची तिची ही पहिलीच वेळ.

तिने सगळं एका दमात सांगितलं. निरोपाला शेपटी येते, शेपटीत तुमच्या संगणकावरचं काहीबाही येतं, आज परवलीचा शब्द आला, तो आत्ताच्या आत्ता बदला. पलीकडून कळफलकाचा आवाज आला.

"बदलला," धरणकर म्हणाले. "बाकी काय काय आलं?"

"कोडी."

"कधीपासून वाचताय?"

"नवीन संगणक आले तेव्हापासून."

"मग त्या 'सुवास'ची चूक तुमच्या लक्षात आली असेल."

"माझ्या नाही आली. सासूबाईंच्या आली. निष्काळजीपणा म्हणाल्या."

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका पडला की तिला वाईट वाटलं.

तिने त्यांना सांगितलं की हे वर कळवावंच लागेल, पण कोड्यांचं वगळून कळवता येतं का ते ती बघेल. कामाच्या जागी, कामाच्या संगणकावर कोडी रचणं म्हणजे साहेबांना आयतं सापडण्यासारखं होतं.

"वगळू नका," धरणकर म्हणाले. "नेमकं काय काय बाहेर पडतं हे त्यांना कळायला हवं. माझं मी बघून घेईन."

दोन दिवसांनी मुख्य कार्यालयातून संगणक अभियंता आली. चाळिशीची, सर्दीने बेजार झालेली, आणि विचार करताना स्वतःशीच गुणगुणणारी. तिने तंद्रीबाईला कुणी आरोपीला विचारावं तसं काही विचारलं नाही. शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि दोघी मिळून शेपट्या बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला उलगडा झाला होता, आणि तिने तो अशा शब्दांत सांगितला की खालच्या मजल्यावरच्या शिपायालाही कळला.

संगणकाच्या पोटात जी मूळ प्रणाली चालते, तिचा गाभा म्हणजे कर्नल. निरोप बाहेर पाठवायचं काम त्याच्यातच होतं. रेडिओवरून पाठवायचं पाकीट ठरलेल्या मापाचंच लागतं, निरोप कितीही छोटा असो. पाण्याचा आकडा चार अंकी, पाकीट मोठं. उरलेली जागा शून्यांनी भरून काढायची. पण पाकिटासाठी कर्नल जी जागा घेतो ती कोरी नसते. थोड्या वेळापूर्वी तिथे दुसरंच काही ठेवलेलं असतं, आणि ते उचलून नेलं तरी त्याचे ठसे तिथेच राहतात. जागा पुसूनच वापरायला हवी. रेडिओच्या या प्रकारासाठी कुणी तरी जो भाग लिहिला होता, त्यात पुसायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे गेल्या भाडेकरूच्या खुंटीवर राहिलेले कपडेच नव्या भाडेकरूबरोबर बाहेर फिरायला गेले," तंद्रीबाई म्हणाली.

अभियंता हसली, आणि हसता हसता शिंकली. मग म्हणाली, "ताई, कपडे परवडले. किल्ल्या गेल्या होत्या."

खात्री करायला एक चाचणी हवी होती. धरणावर ओळखू येईल असं काही लिहायचं, आणि ते किती वेळाने, किती तुकड्यांत इकडे बाहेर पडतं ते मोजायचं. अभियंत्याने फोनवरून धरणकरांना सांगितलं की काहीही लिहा, फक्त सारखं सारखं तेच नको. काहीही म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. काहीही म्हणजे काहीही, ती म्हणाली, आणि नाक पुसत चहा प्यायला खाली गेली.

तंद्रीबाई पडद्यासमोर एकटी बसली. चाचणीपुरते निरोप लवकर लवकर येत होते. आकडा, शेपटी. आकडा, शेपटी. पहिल्या शेपट्यांत काहीच नव्हतं. मग "खिडकीतून पाणी". मग "पलीकडचा काठ". नंतर चौकोन. नंतर "नाही दिसत अजून".

ते आपल्या खिडकीतलं लिहीत होते. आजवर त्यांच्या नकळत येत होतं ते, आणि हे, यांत फरक होता. हे तिने वाचावं म्हणून येत होतं. "धुकं आधी भिं". "तीवरून उतरतं". "मग बगळा". "एकच, रोज". मध्येच एखादा तुकडा दोनदा यायचा, एखादा कधीच यायचा नाही, आणि त्या गाळलेल्या जागांतून तिला पाण्याचा प्रचंड शांत पसारा दिसत गेला. इतकी वर्षं जो तिच्यासाठी चार अंकांचा होता, तो आता राखाडी आणि रुंद झाला. त्याच्या कडेला कुणी तरी एकटं बसून अक्षरं मोजत होतं. "आवाज नाही". "फक्त झडपेतून". "थेंब". तिने मोजायचं ते मोजलं, लिहायचं ते लिहिलं. अभियंता चहा पिऊन परत आली तेव्हा शेवटच्या शेपटीत "एवढं पुरे का" असं होतं.

"पुरे," तंद्रीबाई पडद्याला म्हणाली.

दुरुस्ती अगदी छोटी होती, म्हणे. धरणावर आणि बाकी ठाण्यांवर ती लगेच बसवली गेली आणि त्या संध्याकाळपासून शेपट्यांत नुसती शून्यं दिसू लागली, गुळगुळीत, ओळीने. पण तो गाभा काही एकट्या नदी कार्यालयाचा नव्हता. ठिकठिकाणच्या कितीतरी यंत्रांत तोच चालत होता. अभियंत्याने तो ज्यांच्या देखरेखीखाली आहे त्यांना कळवलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं, आभार मानले आणि विनंती केली की सगळ्यांपर्यंत दुरुस्ती पोचेपर्यंत बाहेर वाच्यता नको.

ती मुदत तंद्रीबाईला फार जड गेली. शेपट्या बंद झाल्या आणि तिची हुशारीही एका रविवारात आटली. सासूबाईंनी आधी टोमणे मारले, मग तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं, आणि एकदा मुलाला बाजूला घेऊन विचारलं की तुमचं काही भांडण झालंय का. तिला हसूही येई आणि रडूही. कार्यालयात ती कच्च्या निरोपाची खिडकी उघडायची, शून्यं बघायची, बंद करायची. कुणी गेल्यासारखं वाटत होतं, आणि कोण गेलं हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

धरणकरांना बोलावणं आलं. साहेबांनी त्यांना समोर बसवून सुनावलं, आणि कोडी घरच्या कागदावर रचा, अशी लेखी समज दिली. वर हेही सांगितलं की त्यांनी परवलीचा शब्द ताबडतोब बदलला आणि काही झाकलं नाही, याची नोंद घेतली आहे. हे तंद्रीबाईला बाहेरून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा फोन आला. त्यांनी आकडा सांगितला, तिने परत म्हटला.

"बरोबर," ते म्हणाले. आणि फोन ठेवला नाही. मग जरा खाकरून म्हणाले, "धुकं आहे आज. बगळा अजून आला नाही."

"इथेही आहे," ती म्हणाली. "पूल दिसत नाही."

त्यानंतर रोज आकड्याच्या पुढे एखादं वाक्य येऊ लागलं. हे नियमात बसतं का, हे तिने कुणाला विचारलं नाही.

अखेर दुरुस्ती सगळीकडे पोचली आणि ती चूक जाहीर झाली. जाहीर झालेल्या मजकुराच्या तळाशी, ती कुणामुळे सापडली तिथे, अभियंत्याने आपल्या नावाच्या आधी तंद्रीबाईचं खरं नाव घातलं होतं. नवऱ्याने ते छापून दुकानात लावलं, आणि गिऱ्हाइकं विचारत राहिली की ही कोण.

त्याच दिवशी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. कासव कोण ते, शेपट्यांचं, सुवासचं. ती आपल्या फसवणुकीच्या भागाशी आली तेव्हा त्यांनी फक्त तोंड फिरवून खिडकीकडे पाहिलं, आणि ती बोलायची थांबली.

"मला दोन रविवार वाटलं होतं," सासूबाई म्हणाल्या, "की आता माझी गरज संपली."

ती उठून त्यांच्या जवळ जमिनीवर बसली. मग सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "त्या माणसाचा फोन नंबर दे मला."

त्या दोघांचं काय बोलणं झालं ते तिला कळलं नाही, कारण सासूबाईंनी दार लावून घेतलं होतं. पण त्या आठवड्यापासून पुरवणीला जायच्या आधी प्रत्येक कोडं फोनवरून त्यांच्याकडे तपासायला येऊ लागलं. दोन उत्तरं बसणारी सूत्रं गेली. साहजिकच रविवारची दुपार मोकळी पडली, आणि ती कशाने भरायची हा प्रश्न आला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चल, धरण बघून येऊ. मला दिसणार नाही, तू सांग."

बस घाटातून वर गेली. धरणकर बाहेर उभे होते, बुटके, गोल, मिशी नसलेले, आणि पाहुण्यांसमोर काय करायचं हे न कळलेले. त्यांनी ठाण्यासमोरच्या ओट्यावर एक टेबल आणि खुर्च्या मांडल्या. समोर पाणी होतं. किती होतं ते तिला चार अंकांत सांगता आलं असतं, पण ती पाहतच राहिली. सासूबाई आणि धरणकर एका शब्दात जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर बसल्या बसल्या वाद घालू लागले. सासूबाई टेबलावर बोट आपटत होत्या, धरणकर आदबीने पण अजिबात न हटता आपलं म्हणणं मांडत होते. ते आवाज हळूहळू दूर गेले. ऊन पाण्यावरून सरकत सरकत तिच्या पायांशी आलं, मग गुडघ्यांवर.

जाग आली तेव्हा ऊन गेलं होतं. अंगावर कुणाची तरी शाल होती, जाड, लोकरीची, ती आपल्या घरची नव्हे हे तिला हातानेच कळलं. चहाच्या कपावर बशी झाकून ठेवलेली होती. खुर्च्या रिकाम्या होत्या. खाली पाण्याच्या कडेला धरणकर सासूबाईंचा हात धरून एकेक पायरी सांगत चालले होते, आणि सासूबाई दर पायरीला त्यांना काही तरी दुरुस्त करून सांगत होत्या. ती पुन्हा मागे टेकली आणि त्या दोघांना तिने हाक मारली नाही.